फुकटचे तास

सोलापुरात ‘छंदातून उद्योग’ या विषयावर हल्ली भाषणांना तोटा नाही. महिला दिन असो, बचत गटांचा मेळावा असो नाहीतर कॉलेजातला उद्योजकता सप्ताह असो, वक्ता बहुधा एकच गोष्ट सांगतो: आवडीचं काम धरा, पैसा मागून येईल. समोर क्रोशाची तोरणं करणाऱ्या बसलेल्या असतात, टॉवेलच्या कापडाची बाळांची दुपटी शिवणाऱ्या असतात, मातीचे दागिने करणारी एखादी मुलगी असते. हातात कसब सगळ्यांच्याच असतं. टाळ्या पडतात. वक्त्याच्या उत्साहाबद्दल माझी तक्रार नाही. तो हे सगळं सोलापुरात उभा राहून बोलतो आणि सोलापूरबद्दल चकार शब्द काढत नाही, ही तक्रार आहे. हातातल्या कसबाचा धंदा झाला की पुढे काय काय होतं, हे पाहायला त्याला लांब जायला नको. सभागृहातून निघून रिक्षाने अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेला तरी पुरे.

तिथे जे दिसतं त्याचा मला लागलेला अर्थ असा की, इथला कसबाचा धंदा घरातल्या कुणाच्या तरी न मोजलेल्या तासांवर टिकला. आजचे छंदातून निघालेले उद्योगही त्याच तासांवर उभे आहेत. फरक एवढाच की आता त्या तासांना ‘पॅशन’ म्हणतात आणि त्यांचा हिशेब मागणं अरसिकपणाचं ठरतं.

थोडं मागे जावं लागेल. १८७०च्या दशकात सोलापुरात पहिली कापड गिरणी उभी राहिली, जिला गाव आजही जुनी गिरणी म्हणतं. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या आल्या आणि भोंग्यांवर शहराचा दिवस चालू लागला. पाठ्यपुस्तकाच्या हिशेबाने त्याच वेळी हातमाग मरायला हवा होता. तो मेला नाही. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर शहराच्या पूर्वभागात स्थिरावत गेले आणि गिरण्यांच्या सावलीतच नऊवारी लुगडी विणत राहिले. या विणकर समाजांची पाहणी रा. गो. काकडे यांनी केली, ती पुण्याच्या गोखले संस्थेने १९४७मध्ये छापली. अलीकडे, २०१२मध्ये, डग्लस हेन्स या अमेरिकन इतिहासकाराने पश्चिम भारतातल्या अशा गावांच्या कारागिरांवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. सोलापूर त्यात जागोजाग येतं. कारागीर म्हणजे यंत्राने चिरडलेला बिचारा, ही समजूत हेन्स मोडून काढतो. तो दाखवतो की कारखानदार झालेले विणकर चांगलेच चलाख होते. त्यांनी सूत बदललं, नक्षी बदलली, बाजार बदलले, परवडेल तेव्हा यंत्रंही आणली. मात्र ही लवचीकता त्यांना कशामुळे साधली, हेही तो लपवत नाही. कुटुंबाचे हात आणि उचल देऊन बांधून ठेवलेले परगावचे मजूर, या दोन गोष्टी त्यामागे होत्या.

कुटुंबाचे हात म्हणजे नेमकं काय? मागावर पुरुष बसे. पण सूत उकलणं, कांड्या भरणं, ताणा तयार करायला मदत करणं ही कामं बायकांची, पोरांची, म्हाताऱ्यांची. कांडी भरलेली नसेल तर धोटा रिकामा पळतो. म्हणजे अर्धा माग त्या बाईच्या हातावर चालायचा, आणि लुगडं विकलं गेल्यावर मजुरी मागाच्या नावाने घरात यायची. कांडी भरणारीचा वेगळा तास कुठल्याही वहीत नव्हता. बाजार पडला की गिरणीला कामगार काढावे लागत, संप सोसावे लागत. घरच्या कारखान्यात बाजार पडला तर बायकोला काढता येत नाही आणि तिला मजुरीही द्यावी लागत नाही, मग भाव उतरवायला जागा आपोआप मिळते. गिरण्या पुढे एकेक करून बंद पडल्या. छोटे कारखाने राहिले. या टिकून राहण्याचं कौतुक आपण ‘सोलापूरकरांची जिद्द’ म्हणून करतो. जिद्द होतीच, पण जिद्दीचा खर्चही कुणीतरी भरत होतं.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच एमआयडीसी, १९६२मध्ये स्थापन झालं. अक्कलकोट रोडच्या त्याच्या वसाहतीत आज टॉवेल, चादरी, तयार कपडे, सूतप्रक्रिया असं सगळं एकमेकाला खेटून आहे, आणि आसपासच्या नगरांत तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी एकाच वाक्यात ऐकू येतात. टॉवेलचा माग पहिल्यांदा पाहणाऱ्याने थोडा वेळ उभं राहून पाहावा. त्याला दोन बीम असतात. एकाच्या ताण्यातून कापडाची जमीन विणली जाते. दुसऱ्याचा ताणा सैल सोडलेला असतो. दोन बाणे अंतर राखून पडतात, तिसरा पडला की फणी तिघांना एकदम पुढे ठोकते आणि सैल धाग्यांची वेटोळी उभी राहतात. अंग पुसताना जाणवतो तो मऊपणा या ढिलाईतून येतो. चादरीच्या मागावर जेकार्ड. नक्षीच्या प्रत्येक बाण्याला भोकं पाडलेलं एक पुठ्ठ्याचं कार्ड, आणि अशा कार्डांची दोऱ्याने ओवलेली लांबच लांब माळ. आता बऱ्याच शेडमध्ये हे काम इलेक्ट्रॉनिक जेकार्ड करतं, पण चौकटीच्या कागदावर मोर काढून त्याची एकेक चौकट धाग्यात कशी उतरेल हे ठरवणारा डिझायनर अजून लागतोच. मयूरपंखी चादर ज्याने पहिल्यांदा कागदावर उतरवली असेल, त्याला कुणी कलावंत म्हटलं नसेल. तो कामावर होता.

या एका टॉवेलमागे सूतवाला आहे, डाईंगवाला आहे, बीम भरणारा, वहीफणी करणारा, मागाची देखभाल करणारा जॉबर, कडा शिवणाऱ्या बायका, घडी आणि पॅकिंग करणाऱ्या, टेम्पोवाला. छंदाच्या भाषणांत ही माणसं कधीच नसतात. तिथे एकटा कलावंत असतो, त्याचं स्वप्न असतं आणि मोबाइल असतो. पण सोलापुरात कुणालाही कापडाचं काही नवं सुचलं, तर ते करून पाहण्याची जी सोय मनमाडला किंवा रत्नागिरीला नाही ती इथे आहे, आणि ती या माणसांमुळे आहे.

सोय आहे, पण तिला एक उंच पायरी आहे. समजा एखाद्या मुलीने चादरीचं वेगळं डिझाइन काढलं: मोर नाही, वेलबुट्टी नाही, सिद्धेश्वराच्या तळ्याकाठची कमान आणि वर भरपूर मोकळी जागा. ती मागवाल्याकडे जाते. तो पहिला प्रश्न विचारतो, “किती नग?” ती म्हणते, दहा. तो चहा सांगतो आणि विषय बदलतो. यात त्याचा कोतेपणा नाही. बीमवर ताणा चढवायचा तो शेकडो मीटरचा. रंगाचं भांडं किलोंत भरावं लागतं. कार्डांचा नवा संच किंवा नवी फाइल करण्याचा खर्च दहा नगांवर टाकला, तर चादरीला पैठणीचा भाव लागेल. एक नग हाताने करता येतो, हजार नग मागावर करता येतात. दहा ते शंभर नगांचा जो टप्पा प्रत्येक नव्या धंद्याला ओलांडावा लागतो, त्यासाठी ही वसाहत रचलेलीच नाही.

म्हणून छंदवाल्या मंडळींनी दुसरा रस्ता काढला. कापड तयारच घ्यायचं आणि कात्री लावायची. गेल्या काही वर्षांत सोलापुरी चादरीचे शर्ट आले, जॅकेटं आली, पिशव्या, लॅपटॉपची कव्हरं आली. पुण्या-मुंबईची तरुण मुलं ती हौसेने घालतात. चादरीला हे दुसरं आयुष्य हवंच होतं. २००५मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, राज्यात ते मिळवणारं हे पहिलं उत्पादन. पण मानांकनाने नाव राखलं जातं, गिऱ्हाईक राखलं जात नाही. पानिपतची मिंक ब्लँकेटं आली, नकली ‘सोलापुरी’ चादरी आल्या, आणि लग्नाच्या आहेरातून चादर हळूहळू मागे सरकली. तेव्हा जॅकेट शिवणाऱ्यांना नावं ठेवण्याचा माझा इरादा नाही. मला फक्त त्यांची वही पाहायची आहे.

एक काल्पनिक पण अवास्तव नसलेला हिशेब मांडू. चादरीच्या कापडाची पिशवी ४५० रुपयांना विकली. कापड, अस्तर, चेन मिळून १६० रुपये. पॅकिंग आणि कुरिअर ७०. ऑनलाइन विक्रीचं कमिशन आणि परत आलेल्या मालाचा वाटा ४०. उरले १८०. इथे बहुतेकींचा हिशेब थांबतो आणि ‘१८० सुटले’ असं म्हटलं जातं. आता वेळ धरा. बेतणं-शिवणं तीन तास, फोटो काढणं आणि ‘ताई, थोडं कमी होईल का’ला उत्तरं देणं एक तास, कापड आणणं-कुरिअरला जाणं एक तास. पाच तासांचे १८०, म्हणजे तासाला ३६, आठ तासांच्या दिवसाला २८८. यात मशीनची झीज नाही, वीज नाही, जागेचं भाडं नाही. आता तिने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: उद्या ऑर्डर वाढल्या, तर या रोजावर, स्वतःचं मशीन आणि स्वतःची जागा घेऊन, दुसरी बाई माझ्याकडे कामाला येईल का? येणार नसेल तर तिच्याकडे धंदा नाही. तिच्याकडे एक कमी पगाराची नोकरी आहे, जिची मालकीण तीच आहे आणि जिच्यात रजा नाही. ऑर्डर वाढल्या की ती श्रीमंत होणार नाही, तिची झोप कमी होईल.

याच शहरात घरी बसून काम करणाऱ्या बायकांची एक फार मोठी फौज गेली कित्येक दशकं आहे, आणि छंदवाल्यांनी तिच्याकडून शिकावं असं माझं मत आहे. विडी कामगार बायका. सोलापुरात कितीतरी घरांत नवरा मागावर आणि बायको विडीवर अशी विभागणी असते. तेंदूपान, तंबाखू, दोरा कारखान्यातून आणायचा, घरी सुपात विड्या वळायच्या, मोजून परत द्यायच्या. हे काम चांगलं आहे असं कुणी म्हणणार नाही. तंबाखूची धूळ छातीत जाते, बोटं जातात, तपासणीत ‘छाट’ म्हणून काढलेल्या विड्यांचे पैसे बुडतात. पण या कामाला एक गोष्ट आहे जी क्रोशाच्या तोरणाला नाही. त्याला हजारी दर आहे, म्हणजे हजार विड्यांमागे ठरलेला. तो कमी आहे म्हणून भांडता येतं, कारण तो आकडा आहे.

आणि भांडण झालं. १९६६मध्ये विडी कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा आला, १९७६मध्ये कल्याण निधीचा. १९७७मध्ये भविष्यनिर्वाह निधी विडी उद्योगाला लागू झाला. कारखानदारांचं म्हणणं पडलं की घरी विड्या वळणारी बाई आमची कामगार नाहीच, ती आपल्या घरी, आपल्या सोयीने काम करते. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८५मध्ये निकाल लागला की घरी काम करणारीही निधीसाठी कामगारच धरायची. सोलापुरात कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या लाल बावट्याखाली या बायकांनी मोर्चे काढले, आणि २००६मध्ये कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकरांच्या नावाने उभ्या राहिलेल्या दहा हजार घरांच्या वसाहतीत त्यांना किल्ल्या मिळाल्या. त्याच भागात रे नगरची पंधरा हजार घरं जानेवारी २०२४मध्ये वाटली गेली. ती यंत्रमाग कामगार, विडी कामगार, असंघटित कष्टकरी यांच्यासाठी. ओळखपत्र होतं, दर होता, नोंद होती, म्हणून यादीत नाव लागलं. ‘आपल्या सोयीने, घरबसल्या’ हे शब्द एके काळी कारखानदाराने तिला कामगार न मानण्यासाठी वापरले. आज तेच शब्द छंदोद्योगाच्या जाहिरातीत आकर्षण म्हणून येतात, आणि ते वाचून कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६मध्ये घरकामगिरीवर, म्हणजे घरी बसून दुसऱ्यासाठी केलेल्या उत्पादनावर, १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. तसाही तो आपल्या पिशवीवालीला लागू झाला नसता, कारण ती स्वतःसाठी काम करते. कागदावर. प्रत्यक्षात तिचा दर कोण ठरवतं, तर मोबाइलवरची बाजारपेठ, जिथे तीच पिशवी शंभर जणी विकतात आणि सर्वांत स्वस्त असेल ती वर दिसते.

हा पेच सोलापूरचाच आहे असंही नाही. इंग्रज डिझायनर विल्यम मॉरिसने १८६१मध्ये लंडनमध्ये हस्तकलेची कंपनी काढली. यंत्राच्या कुरूपतेला उत्तर म्हणून हाताचं सुंदर काम सामान्यांच्या घरात जावं, ही त्याची तळमळ. तो कारागिरांना बरी मजुरी देत होता, म्हणून वस्तू महाग झाल्या आणि श्रीमंतांच्याच दिवाणखान्यात गेल्या. मजुरी मोजली की भाव चढतो, आणि पुढे समाजवादी झालेल्या मॉरिसला ते खुपत राहिलं. उलट बाजूला अमेरिकेतली एट्सी. २००५मध्ये हाताने केलेल्या वस्तूंचा ऑनलाइन बाजार म्हणून सुरू झाली, आणि २०१३मध्ये तिने विक्रेत्यांना बाहेरच्या कारखान्यातून माल करून घ्यायची मुभा दिली. जुने विक्रेते चिडले. मला मात्र एट्सीचा निर्णय निदान प्रामाणिक वाटतो. हाताला मर्यादा आहे, ती ओलांडायची तर दुसऱ्याचे हात किंवा यंत्र लागणार, हे तिने कबूल केलं. हेच सोलापूरच्या विणकराने लुगडी विणतानाच ओळखलं होतं. फरक इतकाच की त्याने दुसऱ्याचे हात घरातच शोधले.

घर आणि कारखाना एक झाला की काय होतं, याची एक नोंद याच वसाहतीची आहे आणि ती टाळून हा लेख लिहिणं बरोबर नाही. १८ मे २०२५च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली. आठ माणसं गेली. त्यात कारखानदाराच्या घरची माणसं होती, एक लहान मूल होतं, कामगारही होते. मालक आणि कामगार दोघांचीही कुटुंबं सुताच्या गठ्ठ्यांशेजारी राहत होती. आगीचं कारण काहीही असो, माणसं तिथे झोपलेली होती याचं कारण आपल्याला ठाऊक आहे. छोट्या धंद्यात जागेचं भाडं वाचवायचं असतं, रात्रीच्या मालावर नजर ठेवायची असते, प्रवासाचा वेळ वाचवायचा असतो. घराच्या एका खोलीत मशीन, पलंगाखाली कापडाचे तागे आणि त्याच खोलीत झोपलेली मुलं, ही छंदोद्योगाची नेहमीची मांडणीही याच हिशेबातून येते. भाषणात तिला ‘शून्य भांडवल’ म्हणतात.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. ‘तासाचे ३६ का होईनात, तिच्या हातात तिचे स्वतःचे पैसे आले. आधी तेही नव्हते. घराबाहेर जायची परवानगी नसलेल्या कितीतरी बायकांना हाच एक दरवाजा उघडा आहे.’ हे खरं आहे. नवऱ्याकडे न मागता मुलीची फी भरता येणं, याची किंमत तासाच्या दरात मावत नाही. पण हा युक्तिवाद जसाच्या तसा कांड्या भरणाऱ्या बाईलाही लागू होता. घरातल्या घरात चार पैशांची भर, असंच तेव्हाही म्हटलं गेलं, आणि दोन पिढ्यांनी पाहिलं तर भर कारखान्यात पडली होती, तिच्या हातात नाही. दरवाजा उघडा आहे म्हणून पलीकडे काय भाव मिळतो हे विचारायचंच नाही, हे काही मला पटत नाही.

दुसरा आक्षेप रसिकांचा: सगळ्याचं मोजमाप केलंत तर छंदातला आनंद जाईल. जाईलच, आणि म्हणून सगळेच छंद विकायला काढू नयेत असं मी म्हणेन. सोलापुरातले काही विणकर आजही हातमागावर माणसाचा चेहरा विणतात, भिंतीवर टांगायचं वॉल हँगिंग. शिवाजी महाराज, विठ्ठल, कुणाचे वडील. एकेक ओळ, रंगीत बाण्याचे तुकडे हाताने घालत. हे काम तासावर विकायचं झालं तर फार थोड्यांना परवडेल. मग ते फार थोड्यांनाच विकावं, पूर्ण भावात. उरलेलं विकू नये. माहेरी द्यावं, देवळात द्यावं, नुसतं ठेवावं.

बाकीच्यांसाठी करण्यासारख्या गोष्टी भाषणांहून कंटाळवाण्या आहेत. २०२३च्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा धंदे आहेत. शिंपी आहे, बाहुल्या-खेळणी करणारा आहे, पहिल्या टप्प्यात पाच टक्क्यांनी एक लाखाचं कर्ज आहे. चांगलंच आहे, पण कर्जाने आणखी एक शिलाई मशीन येतं, आणि मशीनची वाण सोलापूरला नाही. वाण आहे ती दहा ते शंभर नगांच्या टप्प्याची. वसाहतीत एक शेड अशी हवी जिथे छोटा ताणा चढवता येईल, पाच किलो सूत रंगवून मिळेल, इलेक्ट्रॉनिक जेकार्डचा माग तासाच्या भाड्याने मिळेल, आणि निवृत्त जॉबर पगारावर बसलेला असेल. मंदीच्या दिवसांत इथले कितीतरी माग तसेही उभे असतात. कमानीचं डिझाइन घेऊन आलेल्या मुलीला तिथे चाळीस चादरी विणून मिळाल्या, तर तिला कापून शिवायची गरज पडणार नाही, आणि मागवाल्यालाही कळेल की मोराशिवाय काही खपतं का.

आणि दर. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते, त्याआधी-नंतर बचत गटांची प्रदर्शनं लागतात. तिथल्या स्टॉलवर नेहमीचा खटका असतो. एक बाई ४५० सांगते, कारण तिचं घर यावर चालतं. शेजारची २५० सांगते, कारण तिच्या नवऱ्याला पगार आहे आणि ती म्हणते, “मी आपली हौस म्हणून करते हो.” गिऱ्हाईक अर्थातच तिच्याकडे वळतं. तिचा हेतू वाईट नाही, पण आपले फुकटचे तास बाजारात ओतून ती शेजारणीचे तासही फुकट करते. विडीवाल्या बायकांत असं कुणी हजारी दराच्या खाली विड्या वळायला लागलं असतं, तर संध्याकाळी तिच्या दारात चार जणी उभ्या राहिल्या असत्या. प्रदर्शनाच्या आयोजकांनी स्टॉलचं भाडं घेताना प्रत्येकीकडून वस्तूमागचे तास लिहून घ्यावेत आणि किमान भाव एकत्र बसून ठरवावा. पहिल्या वर्षी भांडणं होतील, काहीजणी स्टॉल सोडून जातील, आणि ज्यांचा माल त्या भावाला खपत नाही त्यांना ते दुसऱ्या वर्षीच कळेल, दहाव्या वर्षी नाही.